'आफ्टर रेम्ब्रांट' म्हणजे काय?

उचगावच्या आमच्या घरात, सोप्यात, आल्तारच्या डाव्या अंगाला एक काळपट चित्र टांगलेलं आहे. उजवीकडे पवित्र हृदयाची रंगीत तसबीर. तिला दिवा, फुलं, सगळा मान. डावीकडच्या चित्राला यातलं काहीच नाही. त्यात रात्र आहे. खाली एक छोटी शेकोटी, शेकोटीपाशी तीनचार माणसं, एक गाढव, वर मोठं झाड आणि ढग. लहानपणी मला ती आमच्या मार्कंडेय नदीकाठी ऊसतोडीला आलेली माणसं वाटायची. माझ्या पहिल्या कम्युनियनच्या वर्षी फादर घरी आले होते, त्यांनी चित्राजवळ जाऊन, चष्मा वर करून सांगितलं, "अगं, ही मारिया. हा योसेफ. हेरोदाच्या भीतीनं बाळाला घेऊन इजिप्तला चाललेत, वाटेत थांबलेत." तेव्हापासून चित्र देवाचं झालं, पण दिवा त्याला तरीही मिळाला नाही. आज्जीच्या हिशेबात ते 'साहेबाचं' होतं आणि साहेबाचंच राहिलं.

पणजोबा बेळगावच्या कॅम्पात सुतारकाम करायचे. १९४७ च्या सुमाराला साहेब लोक निघाले तेव्हा बंगल्यांतलं सामान मिळेल त्या भावात गेलं. पणजोबांनी एक खुर्ची आणि ही तसबीर आणली. खुर्ची कधीच मोडली.

गेल्या पावसाळ्यात भिंतीतून वाळवी आली आणि तसबीर खाली काढावी लागली. मागचा पुठ्ठा काढला तेव्हा पहिल्यांदा चित्राचा पूर्ण कागद बघायला मिळाला. चित्राच्या चारही बाजूंनी कागद चौकोनात दबलेला होता, जणू कुणी जड पाटी ठेवून वर उभं राहिलं असावं. खाली डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'रेम्ब्रांट पिंक्स.' आणि उजव्या कोपऱ्यात 'स्कल्प.' एवढंच. त्या 'स्कल्प.'च्या आधी एक नाव असणार होतं. ते वाळवीनं खाल्लं होतं.

फोटो काढून मी आर्ट कॉलेजात शिकणाऱ्या मैत्रिणीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "एचिंग, त्यावर ॲक्वाटिंट. आफ्टर रेम्ब्रांट." मी विचारलं, रेम्ब्रांटनंतर कोण? त्यावर तिनं हसण्याचे पाच इमोजी पाठवले. इंग्रजी आणि मराठी दोन्ही वाङ्मयं शिकणाऱ्या मुलीची ही गत! हा लेख त्या 'आफ्टर'बद्दल आहे.

इथे 'आफ्टर' म्हणजे 'नंतर' नव्हे. मराठीत त्याला आपल्याकडे साधा, घरगुती शब्द आहे: 'वरून'. नाटकावरून सिनेमा, कादंबरीवरून मालिका, तसं रेम्ब्रांटच्या चित्रावरून हे छापचित्र. मूळ चित्र रेम्ब्रांटनं तैलरंगात केलं. पुढे दुसऱ्या कुणीतरी ते बघून तांब्याच्या पत्र्यावर उतरवलं आणि त्या पत्र्यावरून कागदावर प्रती काढल्या. 'पिंक्स.' हे 'पिंक्सिट' या लॅटिन शब्दाचं आखूड रूप, अर्थ 'यानं रंगवलं'. 'स्कल्प.' म्हणजे 'स्कल्पसिट', 'यानं कोरलं'. डावीकडे चित्रकार, उजवीकडे कोरणारा, अशी रीतच होती. जुन्या चित्रांखाली आणखीही शब्द सापडतात. 'डेल.' असेल तर त्या माणसानं रेखाटन केलं. 'एक्सक.' असेल तर त्यानं छापून विकायला काढलं. म्हणजे आपल्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लेखक, अनुवादक, प्रकाशक, मुद्रक असतात ना, तेच सगळं चार लॅटिन अक्षरांत चित्राखाली. इंग्लंडमध्ये तर १७३५ पासून कायदाच होता. कोरणाऱ्याला आपल्या छापावर हक्क हवा असेल तर पत्र्यावर नाव आणि तारीख घालावी लागे. हा कायदा विल्यम होगार्थ या चित्रकारानं खटपट करून आणवला, कारण त्याची चित्रं बाजारात लोक सर्रास चोरून छापत होते.

मग आमचं चित्र रेम्ब्रांटनं स्वतः का केलं नसेल? त्यानंही तांब्यावर काम केलंच होतं. सुमारे ३०० एचिंग्ज त्याच्या नावावर आहेत आणि त्या कलेत त्याच्याइतका वाकबगार दुसरा दाखवणं अवघड. पण रेम्ब्रांट वारला १६६९ मध्ये. ॲक्वाटिंटची पद्धत व्यवस्थित हाताशी आली आणि लोकांत पसरली ती त्यानंतर साधारण १०० वर्षांनी, १७६० च्या दशकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये. झां बाप्तिस्त ल प्रँस हे नाव त्यासाठी घेतात. चित्रात ॲक्वाटिंट आहे म्हटल्यावर रेम्ब्रांटचा हात त्यात नाही, एवढं वाळवीनं नाव खाल्लं तरी सिद्ध होतं. मला यात गुप्तहेरकथेतल्यासारखी मजा वाटली.

आता ही पद्धत समजून घेऊ, कारण ती कळल्याशिवाय त्या खाल्लेल्या नावाचं मोल कळत नाही.

आधी एचिंग. मराठीत त्याला अम्लरेखन म्हणतात. तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा करायचा. त्यावर मेण आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर चढवायचा, आणि तो काजळीनं काळा करायचा. मग सुईनं त्यावर चित्र काढायचं. सुई तांब्यात घुसवायची नसते, नुसता थर खरवडायचा असतो. जिथे खरवडलं तिथे तांबं उघडं पडतं. पत्रा आम्लात बुडवला की आम्ल उघड्या तांब्याला चावतं, मेणाखालच्या तांब्याला हात लावत नाही. जास्त वेळ ठेवलं की रेघ खोल जाते. मग थर पुसून टाकायचा, सगळ्या पत्र्याला शाई माखायची आणि जाळीदार कापडानं व शेवटी हाताच्या तळव्यानं वरची शाई पुसून काढायची. खाचांतली शाई तेवढी राहते. वर ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांच्या मधून दाबून काढला की कागद खाचांत शिरतो आणि शाई उचलून घेतो. ग्रामपंचायतीच्या रबरी शिक्क्याच्या हे बरोबर उलट. शिक्क्याचा वर आलेला भाग छापतो, इथे खाली गेलेला. कागदावरचा तो दबलेला चौकोन म्हणजे पत्र्याच्या कडांची खूण.

एचिंगची एकच अडचण. त्यात फक्त रेघा येतात. आणि रेम्ब्रांटच्या तैलचित्रांत रेघ शोधून सापडत नाही. तिथे अंधार असतो, अंधारात आणखी गडद अंधार असतो, आणि त्यातून कुठेतरी एक गाल किंवा हात उजळून निघतो. असला अंधार रेघांनी भरायचा तर हजारो बारीक उभ्याआडव्या रेघा माराव्या लागतात, आणि तरी शेवटी जाळीच दिसते. अंधार काही दिसत नाही.

ॲक्वाटिंटनं हाच प्रश्न सोडवला. नावात 'ॲक्वा' आहे म्हणून पाण्याचा काही प्रकार असेल असं मला वाटलं होतं. इथलं पाणी म्हणजे 'ॲक्वा फोर्टिस', जुन्या लोकांचं नायट्रिक आम्ल. यात मुख्य काम करते ती राळ, आपण धुपात घालतो तसली झाडाची राळ. ती कुटून तिची बारीक पूड पत्र्यावर सारखी पसरवायची. हे एक तर पेटीत पूड उडवून ती हळूहळू खाली बसू देऊन करतात, नाहीतर फडक्याच्या पुरचुंडीतून झटकून. रांगोळी काढायच्या आधी भुई चाळणीनं पांढरी करून घेतात, तसं डोळ्यांसमोर आणा. मग पत्रा खालून तापवायचा. राळ मऊ होऊन तिचा कण न् कण तांब्याला चिकटतो. जास्त तापलं तर कण एकमेकांत वितळतात आणि सगळं फुकट. आता पत्रा आम्लात घातला की प्रत्येक कणाखालचं तांबं वाचतं आणि कणांच्या भोवतालचं खाल्लं जातं. पत्र्यावर अतिबारीक खाचांचं जाळं होतं. शाई त्यात बसते, आणि कागदावर रेघ न दिसता एक सलग करडी छटा उतरते.

पण एकाच छटेनं रात्र होत नाही, म्हणून पुढची कसरत. जो भाग पांढरा हवा तो पहिल्यांदाच वार्निशनं झाकून टाकायचा. आमच्या चित्रात शेकोटीची ज्योत आणि तिच्या उजेडातले चेहरे. पत्रा थोडा वेळ आम्लात घालायचा, काढायचा, धुवायचा. आता जे फिकट करडं हवं, तिथे वार्निश. परत आम्लात. परत धुवायचं, परत झाकायचं. प्रत्येक फेरीला उरलेला भाग आणखी खोल, आणखी काळा. सर्वांत शेवटी जे उघडं राहतं ती काळोखातली काळी जागा. म्हणजे उजेड आधी ठरवायचा आणि अंधार वाढवत न्यायचा. तैलरंगात रेम्ब्रांट अंधारातून उजेडाकडे येत असेल तर या माणसाला तोच प्रवास उलटा करावा लागला, आणि तोही काय होतंय ते न बघता. कारण पत्र्यावर चालू असलेलं काम लकलकीत तांब्यात असतं. कागदावर काय उतरलं ते छापल्यावरच कळतं.

मी फोनचा कॅमेरा पूर्ण झूम करून ढग बघितले. पाच छटा मोजता आल्या, आणि प्रत्येक छटेची कड नकाशातल्या तळ्याच्या काठासारखी स्पष्ट होती. ती वार्निशच्या कुंचल्याची कड. आत बारीक, वेड्यावाकड्या, भेगाळल्या चिखलासारख्या रेषा. तुमच्या घरी असं जुनं चित्र असेल तर हीच परीक्षा करा. ठिपके ओळीनं, शिस्तीत उभे असतील तर ते हल्लीचं यंत्रावरचं छापकाम, कॅलेंडरवर असतं तसं. कण अस्ताव्यस्त असतील आणि भोवती पत्र्याचा दाब दिसत असेल, तर मात्र जपा. फ्रेमवाल्याला चित्र मागच्या पुठ्ठ्याला गोंदानं चिकटवू देऊ नका, आणि काच कागदाला टेकू देऊ नका.

आणखी एक गोष्ट झूम न करताही दिसली. रेम्ब्रांटचं असंच एक चित्र, इजिप्तच्या वाटेवरच्या विसाव्याचं, १६४७ चं, डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याचा फोटो काढून शेजारी धरला. आमचं चित्र पुष्कळसं त्याच्यासारखं, पण आरशात बघितल्यासारखं. डावीकडचं उजवीकडे. तांब्यावर जसं काढाल त्याच्या उलटं कागदावर येतं. सरळ यायला हवं असेल तर कोरणाऱ्याला मूळ चित्र आधी मनात उलटं करून मग काढावं लागतं. काही जण ते करत. काही जण म्हणत, जाऊ दे. आमचा माणूस दुसऱ्या जातीचा असावा.

हे सगळं बघितल्यावर 'ही तर नक्कल' असं म्हणायची माझी हिंमत होईना. लिलावांच्या याद्यांत मात्र असल्या छापचित्रांना दुय्यम मानतात. स्वतःच्या कल्पनेचं एचिंग असेल तर ते 'मूळ', दुसऱ्याच्या चित्रावरून असेल तर नुसती 'पुनरावृत्ती'. मला हा भेद भाषांतराबद्दल ऐकून ऐकून ओळखीचा झालाय. फादर स्टीफन्सचं १६१६ चं ख्रिस्तपुराण बायबलावरूनच आहे, म्हणून ओव्यांतली ती भाषा कुणाची नक्कल ठरते का? आगरकरांनी हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं, त्यात शेक्सपियरचे शब्द नाहीत, एकही नाही. तसंच या छापचित्रात रेम्ब्रांटचा एकही फटकारा नाही. तैलरंगाचं वाक्य राळेत आणि आम्लात म्हणायचं, तर शब्द सगळे नवेच शोधावे लागतात.

आणि असल्या 'वरून' केलेल्या चित्रांनीच जगाला मोठे चित्रकार माहीत झाले. फोटो नव्हता. मूळ चित्र एखाद्या सरदाराच्या वाड्यात किंवा मठाच्या भिंतीवर. आपल्यापैकी ख्रिस्ती घरांत जेवणाच्या टेबलावर लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' असतंच. ते मिलानमधल्या मठाच्या जेवणघराच्या भिंतीवर १४९५ ते १४९८ च्या दरम्यान रंगवलेलं. रंग लवकरच पोपडे धरायला लागले. १६५२ मध्ये तर भिंतीत दार पाडलं आणि त्यात येशूचे पाय गेले. ते पाय कसे होते हे आज जुन्या नकलांवरून कळतं. १८०० साली राफाएल मॉर्गेन यानं या चित्राचं तांब्यावर कोरून छापचित्र केलं आणि तेच युरोपभर घराघरांत गेलं. मॉर्गेननं कोरलं ते सुद्धा मातेइनी नावाच्या दुसऱ्या चित्रकाराच्या रेखाटनावरून. म्हणजे वरूनचं वरून. गटे या जर्मन कवीनं लिओनार्दोच्या या चित्रावर १८१७ मध्ये जो गाजलेला निबंध लिहिला, तो लिहिताना त्याच्यापुढे मॉर्गेनचा हाच छाप होता. मोठ्या चित्रकारांनीही हे काम कमी मानलं नाही. स्पेनच्या गोयानं १७७८ मध्ये वेलास्केसच्या चित्रांवरून एचिंग्ज केली, काहींत ॲक्वाटिंटही वापरून पाहिला. तो त्या वेळी ३२ वर्षांचा होता, नाव व्हायचं होतं. जुन्या मास्तरापुढे बसून हात घोटून घेणं म्हणा हवं तर.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं झालं. पण छापलेल्या चित्रांची ही ये-जा आपल्या अंगणातूनही झालेली आहे. १५७९ च्या अखेरीला गोव्याहून तीन जेझुइट फादर निघाले आणि १५८० मध्ये फतेहपूर सिक्रीला अकबराकडे पोचले. त्यांच्यातले रुदोल्फ आक्वाविवा पुढे १५८३ मध्ये कुंकळ्ळीत मारले गेले, ते गोव्याकडच्या लोकांना माहीत असतात. त्यांनी अकबराला अँटवर्पला प्लांटिनच्या छापखान्यात छापलेलं अनेक भाषांतलं आठ खंडी बायबल भेट दिलं. त्यात तांब्यावर कोरलेली चित्रं होती. बादशहाच्या चित्रशाळेत अशा छापचित्रांवरून चित्रं काढायची ओढच लागली. १६०० च्या सुमाराला अबुल हसन नावाच्या तेरा वर्षांच्या पोरानं ड्यूररच्या १५११ च्या छापचित्रातल्या संत योहानाचं रेखाटन केलं. ते आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियममध्ये आहे. ड्यूररचे कपड्यांच्या चुण्यांचे सगळे बारकावे त्यात आहेत. अबुल हसननं त्यावर स्वतःचं वयसुद्धा लिहून ठेवलंय.

आणि उलटा फेरा ऐका. १६५० च्या दशकात खुद्द रेम्ब्रांटनं मुघल चित्रांवरून रेखाटनं केली. सुमारे दोन डझन आज शिल्लक आहेत. अब्राहामाच्या दारी आलेल्या देवदूतांचं त्याचं १६५६ चं एचिंग बघा. त्यात पाहुणे खाली चटईवर गोल करून जेवायला बसलेत, तशी बैठक त्यानं मुघल चित्रातून घेतली. म्हणजे 'आफ्टर'वाल्यांच्या रांगेत रेम्ब्रांटही उभा आहे. ज्या मुघल चित्रकारांवरून त्यानं केलं त्यांची नावं मात्र त्याच्या कागदावर नाहीत.

आता पुण्याला येते, कारण एचिंग आणि ॲक्वाटिंटची मराठी मुलखातली सर्वांत मोठी गोष्ट तिथेच सुरू होते. सवाई माधवरावांच्या दरबारात चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील १७८६ मध्ये आला. त्याच्या पदरी पुण्याचाच एक चित्रकार काम करू लागला, गंगाराम चिंतामण तांबट. आडनाव बघा. पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे, तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची. त्या जातीतला हा माणूस. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यानं १७९० मध्ये काढलाय, तो बघण्यासारखा आहे. कातडीचे पट्टे, सुस्त डोळा, पायातली साखळी. मॅलेटला वेरूळच्या लेण्यांचं वेड होतं. त्यानं गंगारामला वेरूळला पाठवलं. गंगारामनं लेण्यांची चित्रं काढली, मापं घेऊन काढली. मॅलेटनं वेरूळवर लिहिलेला मोठा लेख 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात १७९९ मध्ये आला, त्यामागे ही मेहनत आहे.

१७९२ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं जे प्रसिद्ध एकत्र तैलचित्र आपण इतिहासाच्या पुस्तकात बघतो, ते त्याचंच. शनिवारवाड्यात चित्रकला शिकवायची शाळाही मॅलेट आणि वेल्स यांच्या पुढाकारानं सुरू झाली, आणि गंगाराम तिथे होता. वेल्सनंही वेरूळची चित्रं काढायला घेतली, पण १७९५ मध्ये लेण्यांचंच काम करताना तो तापानं वारला. मॅलेटनं पुढे वेल्सच्या मुलीशी लग्न केलं आणि सासऱ्याचे कागद लंडनला थॉमस डॅनियलकडे सोपवले.

थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे त्या काळचे ॲक्वाटिंटचे बादशहा. कलकत्त्यात १७८६ ते १७८८ मध्ये त्यांनी स्वतः पत्रे करून त्या शहराची १२ दृश्यं काढली होती. नंतर भारतभर फिरून, लंडनला परतून 'ओरिएंटल सीनरी' या नावाखाली १४४ चित्रं काढली. त्यातच १८०३ मध्ये वेरूळची २४ दृश्यं आली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर म्हटलंय की ही चित्रं जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून, थॉमस डॅनियलनं आणि त्याच्या देखरेखीखाली कोरली.

वेल्सच्या रेखाटनांवरून. इथे मी थांबले. वेल्सच्या आधी वेरूळला जाऊन आलेला, वेल्सबरोबर काम केलेला, जन्मानं तांबट असलेला गंगाराम त्या पानावर नाही. तांब्याच्या पत्र्यावर तांबटाचं नाव नाही. त्याची रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत, त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतात. गेल्या काही दशकांतल्या अभ्यासकांनी त्याचं नाव परत वर काढलंय. हॉली शेफर यांचं 'ग्राफ्टेड आर्ट्स' हे २०२२ चं पुस्तक याच मराठा–इंग्रज देवाणघेवाणीवर आहे. इंग्रजीत आहे, आपल्यापैकी कुणीतरी त्यावर मराठीत लिहायला हवं.

थोडी न्यायाची बाजूही सांगते. वेल्सनं फसवलं असं म्हणायला मला आधार नाही. तो तर पुस्तक निघायच्या आठ वर्षं आधीच गेला. ज्याच्या घरचे कागद होते त्याचं नाव लागलं, एवढंच. अनेक हातांनी केलेलं काम एका सहीखाली जाणं ही तेव्हाची रीतच होती. युरोपातल्या मोठमोठ्या चित्रशाळांतही धाकट्या हातांचं काम उस्तादाच्या नावावर जायचं. आणि मुळावरच जायचं तर वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकातलं, डोंगर वरून खाली खोदत नेलेलं, ते कुणी कोरलं? 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथातल्या गोष्टीत कोकस नावाचा पैठणचा कारागीर आहे. पण ती गोष्ट झाली. खऱ्या शिल्पकारांची नावं दगडावर नाहीत. मग डॅनियलच्या त्या २४ चित्रांच्या डाव्या कोपऱ्यात, 'यानं मूळ केलं' या जागी, नक्की कुणाचं नाव घालायचं?

या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. पण सीमेवरच्या गावात वाढलेल्या माणसाला पाटीवर कुठलं नाव वर आणि कुठलं खाली हा प्रश्न नवीन वाटत नाही. आमच्या बसच्या पाटीवर कानडी असतं, लग्नपत्रिकेवर मराठी, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी. घरी आज्जी बोलते ती आणखी चौथीच. जानेवारीत उचगावला साहित्य संमेलन भरतं, ग्रंथदिंडी निघते, तेव्हा भाषणांत मूळ आणि अस्सल हे शब्द बरेच येतात. टाळ्याही त्यांनाच जास्त पडतात. मी टाळ्या वाजवते. पण अलीकडे मांडवातल्या पुस्तकांच्या टेबलाशी गेले की अनुवादाचं पुस्तक उचलून आधी अनुवादकाचं नाव किती मोठ्या टायपात आहे ते बघते. कधी आतल्या पानावर सापडतं, कधी तेही नाही.

तसबीर दुरुस्त करायला बेळगावला नेली. फ्रेमवाला चांगला होता, पण त्यानं पहिली गोष्ट हीच विचारली, "खालची खराब पट्टी कापून टाकू काय? चित्राला काय धक्का लागत नाही. साफ दिसतंय." पट्टी म्हणजे तो नावांचा समास. मी म्हटलं, काका, कापू नका. त्यांनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अगं, त्यात काहीच नाही की."

मी त्यांना 'स्कल्प.' दाखवलं. त्यांनी भिंग लावून बघितलं, मग ढगांवरून भिंग फिरवत गेले, मग शेकोटीवरून. बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "हे बारीक कण काय पावडर मारून केलेत काय?" मी राळेची गोष्ट सांगितली. पट्टी ठेवली त्यांनी. मागे नवा, आम्ल नसलेला पुठ्ठा घातला आणि काच कागदाला टेकू नये म्हणून मधे जाड पुठ्ठ्याची चौकट बसवली. त्या चौकटीची खालची बाजू मुद्दाम थोडी जास्त कापून घेतली, म्हणजे समास झाकला जाणार नाही.

आता चित्र परत सोप्यात, आल्तारच्या डावीकडे आहे. खालचा उजवा कोपरा कुरतडलेला स्पष्ट दिसतो. घरी आलेले पाहुणे विचारतात, एवढा खर्च केला तर तेवढं का नाही नीट केलं? आज्जी माझ्याकडे बोट दाखवते. "तिला विचारा. तितं कुणाचं तरी नाव हुतं म्हणं."